ब्रॉड स्ट्रीटवरची गर्दी: एका जुन्या पोस्टकार्डात भरलेला शेअर बाजार

माझ्या टेबलावर न्यूयॉर्कचे एक जुने रंगीत पोस्टकार्ड आहे. साडेपाच इंच लांब, साडेतीन इंच रुंद, कडा थोड्या झिजलेल्या. चित्र शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या ब्रॉड स्ट्रीटचे आहे. दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यांच्या मधून दिसणारी फिकट निळ्या आभाळाची पट्टी, डावीकडे ग्रीक देवळाला शोभतील असे सहा भव्य खांब, रस्त्याच्या शेवटी रुंद पायऱ्या आणि त्यांवर उभा एक पुतळा. या सगळ्याच्या मधोमध, फुटपाथ सोडून थेट रस्त्यावर, शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून उभी आहेत.

पहिल्या नजरेला हा मोर्चा वाटतो किंवा एखाद्या अपघाताभोवती जमलेले बघे वाटतात. पण मोर्च्यातली माणसे एकाच दिशेला तोंड करून चालतात आणि बघे एकाच जागी टक लावून पाहतात. इथे प्रत्येकाचे तोंड वेगळीकडे आहे. काहींचे हात डोक्याच्या वर गेले आहेत, काही जण मान वर करून शेजारच्या इमारतीच्या खिडक्यांकडे पाहत आहेत, आणि भिंग लावून त्या खिडक्या पाहिल्या तर तिथेही माणसे ओणवी झालेली दिसतात. कुठे जाण्याची घाई कोणालाच नाही, कारण त्यांना जिथे यायचे होते तिथे ती पोहोचलेली आहेत. रस्त्यावर उभी असलेली ही गर्दी म्हणजेच शेअर बाजार आहे. अमेरिकेतला त्या काळचा हा मोठा बाजार उन्हात, पावसात आणि हिमवर्षावातही उघड्यावर भरत असे. त्याला ‘कर्ब मार्केट’ म्हणत. कर्ब म्हणजे फुटपाथची कड.

शेअर बाजाराचे कामकाज समजावून सांगण्यासाठी या चित्राइतके चांगले साधन मला दुसरे सापडलेले नाही. आज सौदे संगणकाच्या पोटात होतात आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. या कार्डावर मात्र बाजाराचा प्रत्येक अवयव उघडा पडलेला आहे.

सुरुवात डावीकडच्या खांबांपासून करू. ती न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची इमारत. या संस्थेचे मूळ १७ मे १७९२ रोजी २४ दलालांनी वॉल स्ट्रीटवर केलेल्या एका लहानशा करारात आहे. व्यवहारांत एकमेकांना प्राधान्य द्यायचे आणि ठरलेल्या दरापेक्षा कमी दलाली घ्यायची नाही, एवढाच त्याचा आशय होता. शंभरेक वर्षांत त्या कराराची एक बंदिस्त आणि अतिश्रीमंत संस्था झाली. कार्डावर दिसणारी तिची इमारत जॉर्ज पोस्ट या वास्तुविशारदाने उभारली आणि २२ एप्रिल १९०३ रोजी ती खुली झाली. आत जाऊन सौदे करण्याचा हक्क फक्त सभासदांना होता. सभासदत्वाच्या जागा ११०० ठरलेल्या होत्या, त्यामुळे कोणी निवृत्त झाला किंवा वारला तरच नव्या माणसाला जागा विकत मिळे. १९०६ च्या सुमारास अशा एका जागेसाठी ऐंशी-नव्वद हजार डॉलर मोजावे लागत. शिवाय कोणत्याही कंपनीचे शेअर तिथे विकता येत नसत. कंपनीने आधी आपला ताळेबंद दाखवायचा, एक्स्चेंजच्या समितीने तो तपासायचा आणि मग कंपनीचे नाव यादीत घ्यायचे, अशी पद्धत होती.

आता यादीबाहेरच्या कंपन्यांचे काय? नव्या खाणी, नुकत्याच निघालेल्या कंपन्या आणि आपले हिशेब परक्यांना दाखवण्याची इच्छा नसलेल्या कंपन्या यांचेही शेअर लोकांकडे होतेच आणि ते कधी ना कधी विकायची वेळ येई. यादीबाहेर म्हणजे सगळा गाळ, असा समज मात्र करून घेऊ नये. जॉन रॉकफेलर यांची स्टँडर्ड ऑइल ही त्या काळच्या जगातली सर्वांत बलाढ्य तेलकंपनी, आणि तिचे शेअर खांबांच्या आत नव्हे तर बाहेर रस्त्यावर विकले जात. म्हणजे या गर्दीत एकाच वेळी नेवाडातल्या एखाद्या अज्ञात खाणीचा काही सेंटचा कागद आणि स्टँडर्ड ऑइलचा शेकडो डॉलरचा शेअर हात बदलत असे.

हा बाजार याच रस्त्यावर भरण्यामागे शहराचा जुना भूगोल आहे. न्यूयॉर्क ही डच वसाहत होती तेव्हा इथे रस्ताच नव्हता, एक कालवा होता. होड्या त्यातून आत येत. इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर १६७६ मध्ये तो बुजवण्यात आला आणि त्या जागी आजूबाजूच्या बोळकांड्यांच्या मानाने चांगला रुंद रस्ता मिळाला, म्हणूनच त्याचे नाव ब्रॉड. वॉल स्ट्रीट हे नावही डचांनी १६५३ मध्ये वसाहतीच्या उत्तरेला बांधलेल्या तटावरून पडले. तट गेला, कालवा बुजला, पण त्या दोघांनी आखून दिलेल्या रेषा राहिल्या. एवढी माणसे उभी राहू शकतील अशी जागा, स्टॉक एक्स्चेंजपासून हाकेच्या अंतरावर, फक्त कालव्याच्या पोटातूनच मिळणार होती.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते या कार्डावरचा तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. इतका मोठा व्यवहार होत असताना या माणसांनी एखादा हॉल भाड्याने का घेतला नाही? दारिद्र्य हे कारण नक्कीच नव्हते. खरे कारण खांबांच्या आतल्या नियमपुस्तकात होते. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या सभासदाला शहरातल्या दुसऱ्या कोणत्याही संघटित शेअर बाजारात व्यवहार करण्याची मनाई होती. १९०९ मध्ये राज्यपाल चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी नेमलेल्या चौकशी समितीला असे आढळले की, रस्त्यावरच्या या बाजाराचा सुमारे ८५ टक्के धंदा स्टॉक एक्स्चेंजच्या सभासदांच्या पेढ्यांकडूनच येतो. गिऱ्हाइकाने यादीबाहेरचा शेअर मागितला की सभासद आपल्या पेढीतून रस्त्यावरच्या दलालाला सांगे आणि काम होई. आता रस्त्यावरच्यांनी छप्पर घातले असते, घटना लिहिली असती, सभासद नोंदवले असते, तर त्याच क्षणी तो ‘दुसरा संघटित बाजार’ ठरला असता आणि दहातली साडेआठ गिऱ्हाइके नियमाने तुटली असती. रस्त्यावर उभी असलेली नुसती गर्दी ही मात्र कायद्याच्या भाषेत कोणतीच संस्था नव्हती. उघड्यावर राहणे हीच त्यांची सोय होती, आणि त्या सोयीसाठी ते जानेवारीतल्या थंडीत पाय आपटत उभे राहत.

मुंबईकरांना हे चित्र अगदी अनोळखी वाटू नये. १८५० च्या दशकात मुंबईतले शेअर दलाल टाउन हॉलसमोर, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे त्या परिसरात, वडाच्या झाडाखाली जमत. संख्या वाढली तशी जागा बदलत गेली आणि १८७४ मध्ये ते ज्या रस्त्यावर स्थिरावले त्याचे नावच दलाल स्ट्रीट पडले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपली संघटना उभी केली. मुंबईच्या दलालांवर कोणा वडीलधाऱ्या एक्स्चेंजचे बंधन नव्हते, म्हणून त्यांना संघटना उभारायला वीस वर्षे पुरली. न्यूयॉर्कच्या दलालांवर ते होते, आणि म्हणून त्यांचा रस्ता १९२१ पर्यंत सुटला नाही.

आता गर्दीच्या आत शिरू आणि एक सौदा जवळून पाहू. समजा, बॉस्टनमधल्या एका माणसाला तांब्याच्या एका कंपनीचे शंभर शेअर घ्यायचे आहेत. त्याची मागणी तारेने किंवा टेलिफोनने ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पेढीत येते. पेढी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिने खिडकीलगतची जागा मुद्दाम जास्त भाडे मोजून घेतली आहे. खिडकीत एक कारकून बसलेला आहे. त्याच्या एका कानाला टेलिफोन आहे आणि अर्धे धड बाहेर आहे. पेढीचा दलाल खाली रस्त्यावर, शेकडो माणसांच्या घोळक्यात उभा आहे. ओरडून उपयोग नाही, कारण खाली सगळेच ओरडत आहेत. मग कारकून बोटांनी बोलतो. एका हाताची बोटे शेअरची संख्या सांगतात, दुसऱ्याची भाव. घ्यायचे की विकायचे, याचीही खूण ठरलेली.

बोटांवर भाव कसा मावत असेल, अशी शंका इथे येईल. त्याचे उत्तर त्या काळच्या भावाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत शेअरचा भाव डॉलरच्या आठव्या हिश्श्याने वरखाली होई. आपल्याकडच्या जुन्या नाण्यांत सांगायचे तर चवलीने: सोळा आण्यांच्या रुपयाचा आठवा हिस्सा म्हणजे दोन आणे, म्हणजेच एक चवली. ५२ डॉलरचा शेअर ५२ आणि एक अष्टमांश होई, मग दोन, मग तीन. पूर्ण डॉलरचा आकडा त्या कंपनीवर नजर ठेवून असलेल्या प्रत्येकाला ठाऊकच असे. सांगायचा असे तो फक्त वरचा तुकडा, आणि त्याला एक ते सात इतक्याच खुणा पुरत. खालचा दलाल ती खूण वाचून वळतो, त्या कंपनीचे व्यवहार करणारे जिथे उभे राहतात त्या जागी जातो, सौदा ठरवतो आणि बोटांनीच वर उत्तर देतो. कारकून टेलिफोनमध्ये बोलतो. बॉस्टनच्या माणसाला थोड्याच वेळात कळते की शेअर मिळाले.

आपल्या गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली हात घालून बोटे दाबत भाव ठरवतात, हे अनेकांनी पाहिले असेल. दोन्ही ठिकाणी बोटेच बोलतात, पण हेतू अगदी उलटे आहेत. रुमाल घेतला जातो तो शेजाऱ्याला भाव कळू नये म्हणून. ब्रॉड स्ट्रीटवर बोटे शक्य तितकी उंच धरली जात, कारण तिथे चारशे जणांच्या गलबल्यातून आपल्या माणसापर्यंत पोहोचणे हीच खरी अडचण होती.

गर्दीला वरवर दिसतो त्यापेक्षा बराच शिस्तीचा आकार होता. ठरावीक कंपन्यांचे व्यवहार ठरावीक दिव्याच्या खांबाजवळ होत आणि त्या कंपनीत मुरलेले दलाल रोज तिथेच उभे राहत. नवख्याला घोळका दिसे, जाणत्याला त्यात पेठा दिसत, जशा आपल्या जुन्या बाजारात तांबट आळी वेगळी आणि कासार आळी वेगळी. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कारकुनाला या समुद्रातून आपला दलाल चटकन सापडावा म्हणून दलाल भडक रंगांच्या टोप्या किंवा कोट घालत. लाल, हिरवा, पिवळा, जो रंग दुसऱ्या कोणाचा नसेल तो. टोपीचा रंग हा तिथे हौसेचा विषय नव्हता, ते धंद्याचे हत्यार होते. रंग हरवला तर खूण पोहोचत नाही आणि खूण पोहोचली नाही तर भाव हातचा जातो.

म्हणूनच माझ्या कार्डावरची एक गोष्ट मला फार खटकते. हे कार्ड रंगीत आहे. आभाळ निळे, खांब पिवळसर पांढरे, एका इमारतीवर फडकणाऱ्या झेंड्यात लाल पट्टे. आणि गर्दीतली एकूण एक टोपी काळी किंवा तपकिरी आहे.

याचे उत्तर छपाईच्या तंत्रात आहे. अशी कार्डे रंगीत छायाचित्रावरून होत नसत. छायाचित्रकार काळे-पांढरे छायाचित्र घेई. छापखान्यात त्यावरून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड किंवा वेगळी प्लेट तयार करत आणि एकावर एक रंग चढवून चित्र पुरे करत. डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीने स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या फोटोक्रोम पद्धतीचे हक्क घेऊन अमेरिकेतच हे काम चालवले होते आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या या दलालांची चित्रेही काढली होती. इतर पुष्कळ प्रकाशक मात्र आपली चित्रे जर्मनीतल्या छापखान्यांत पाठवत, कारण त्या काळी त्यांच्या तोडीचे रंगीत शिळामुद्रण आणि तेही त्या दरात दुसरीकडे होत नसे. छायाचित्रासोबत जाणाऱ्या टिपणात इमारतीचा रंग, आभाळाचा रंग असे काही लिहिलेले असे. शेकडो माणसांच्या टोप्यांचे रंग लिहून पाठवण्याचा प्रश्नच नव्हता. रंग भरणाऱ्या कारागिराने ब्रॉड स्ट्रीट कधी पाहिलेला नव्हता, आणि सावकार-दलालांच्या रस्त्यावर लाल टोपी घालणारा माणूस असेल, असे त्याच्या मनात येण्याचे काही कारणही नव्हते.

पण सगळा दोष कारागिराला देणे बरोबर नाही, कारण रंग त्याच्याकडे पोहोचण्याआधीच पुसला गेला होता. त्या काळच्या छायाचित्रणाच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत आणि लाल प्रकाशाला जवळजवळ देतच नसत. त्यामुळे छायाचित्रात निळे कापड पांढुरके दिसे आणि लाल कापड काळे पडे. गर्दीत सर्वांत ठळक दिसावी म्हणून घातलेली लालभडक टोपी कॅमेऱ्यात शिरताच शेजारच्या काळ्या टोपीसारखी होई. कारागिराला काळी टोपी दिसली आणि त्याने ती काळी ठेवली. त्याच्या परीने ते काम प्रामाणिकच होते.

अशा कार्डाचा काळ कसा ठरवायचा, हेही इथे सांगितले पाहिजे, कारण पुष्कळ जण फक्त टपालाचा शिक्का पाहून थांबतात. छायाचित्र घेतल्याचे वर्ष, कार्ड छापल्याचे वर्ष आणि ते टपालात पडल्याचे वर्ष ही तीन वेगळी वर्षे असतात, आणि त्यांत सहज दहा वर्षांचे अंतर पडू शकते. लोकप्रिय चित्र प्रकाशक वर्षानुवर्षे पुन्हा छापत. कधी तारा आणि खांब पुसून टाकत, कधी ढग रंगवत, तर कधी दुपारच्याच चित्राला गडद निळा रंग देऊन, खिडक्या पिवळ्या करून आणि वर चंद्र चिकटवून ‘रात्रीचे दृश्य’ म्हणून विकत.

छायाचित्राचा काळ इमारती सांगतात. डावीकडे सहा खांब आहेत, म्हणजे चित्र १९०३ नंतरचे. रस्त्याच्या टोकाला पायऱ्यांवर दिसणारा पुतळा जॉर्ज वॉशिंग्टन यांचा आहे. त्यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली त्या जागी तो १८८३ मध्ये उभारला गेला, म्हणून काळ ठरवायला त्याचा फारसा उपयोग नाही. मात्र तो घडवणारे जॉन क्विन्सी अॅडम्स वॉर्ड यांनीच पुढे स्टॉक एक्स्चेंजच्या खांबांवरचे शिल्पही केले, त्यामुळे एकाच हाताची दोन कामे या कार्डात जवळजवळ समोरासमोर आली आहेत. खरा साक्षीदार आहे खांबांच्या पलीकडे, वॉल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर उठलेला एक अरुंद मनोरा. ती गिलेंडर बिल्डिंग. जेमतेम २६ फूट दर्शनी रुंदीच्या जागेवर २० मजले चढवलेली ही इमारत १८९७ मध्ये पुरी झाली आणि अवघ्या तेरा वर्षांत, १९१० मध्ये, पाडली गेली. तिच्या जागी १९१२ पर्यंत बँकर्स ट्रस्टची ३९ मजली इमारत आली, जिचा माथा पायऱ्या-पायऱ्यांच्या पिरॅमिडसारखा आहे. म्हणून एक साधी कसोटी मिळते: कोपऱ्यावर काठीसारखा मनोरा असेल तर चित्र १९१० च्या आधीचे, पिरॅमिड असेल तर १९१२ च्या नंतरचे. माझ्या कार्डावर मनोरा आहे.

आता कार्ड उलटायचे. मागची बाजू उभ्या रेघेने दुभागलेली आहे, उजवीकडे पत्त्याची जागा आणि डावीकडे मजकुराची. अमेरिकेत ही मुभा १ मार्च १९०७ पासून मिळाली. त्याआधी मागची बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव असे आणि ज्याला चार शब्द लिहायचे असतील त्याला ते चित्राच्या कडेने दाटीवाटीने लिहावे लागत. पत्राला दोन सेंट लागत असताना कार्ड एका सेंटमध्ये जाई, आणि आता त्यावर लिहिताही येऊ लागले, त्यामुळे कार्डांचा पूर आला. जून १९०८ अखेरच्या एका वर्षात अमेरिकी टपाल खात्याने ६७ कोटींहून अधिक पोस्टकार्डे वाहून नेली, आणि देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आत होती. तेव्हा माझ्या कार्डाचे छायाचित्र १९०३ ते १९१० मधले आणि छपाई मार्च १९०७ नंतरची, असे खात्रीने म्हणता येते.

या मुदतीत एक असा आठवडा येतो की, ज्याची सुरुवात याच गर्दीत झाली आणि शेवट अमेरिकेत मध्यवर्ती बँकिंग व्यवस्था उभी राहण्यात झाला. ती हकिकत सांगितल्याशिवाय हे चित्र पुरते कळणार नाही.

त्यासाठी आधी दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. शेअरचा भाव पडणार असे ज्याला वाटते तो मंदीवाला आपल्याजवळ नसलेला शेअरही विकू शकतो. तो दुसऱ्याकडून शेअर उसना घेतो, आजच्या भावाने विकतो, आणि भाव पडल्यावर स्वस्तात विकत घेऊन उसनवारी फेडतो. मधला फरक त्याचा नफा. पण भाव पडण्याऐवजी चढला तर उसने घेतलेले शेअर परत करण्यासाठी त्याला महागात खरेदी करावी लागते. आता दुसरी गोष्ट. एखाद्याने बाजारातले जवळजवळ सगळे शेअर आपल्या मुठीत घेतले, तर मंदीवाल्याला फेडीसाठी त्याच्याच दाराशी यावे लागेल आणि तो म्हणेल तो भाव द्यावा लागेल. याला कोंडी करणे म्हणतात. गणित एकच आहे: सगळे शेअर खरोखरच आपल्याकडे आहेत, ही खात्री हवी.

ऑक्टोबर १९०७ मध्ये फ्रिट्झ ऑगस्टस हाइन्झ हे मोंटानातले तांब्याचे सम्राट आणि त्यांचे भाऊ ऑटो यांनी युनायटेड कॉपर या आपल्याच कंपनीच्या शेअरमध्ये मंदीवाल्यांची अशी कोंडी करण्याचा डाव टाकला. युनायटेड कॉपरचे व्यवहार होत ते ब्रॉड स्ट्रीटच्या उघड्या रस्त्यावर. सोमवारी, १४ ऑक्टोबरला, जोरदार खरेदी करून भाव ३९ डॉलरवरून ५२ वर नेण्यात आला. मंगळवारी हाइन्झ यांनी उसने शेअर परत मागितले. भाव ६० च्या जवळ गेला. मंदीवाले आता दाराशी येतील, अशी अपेक्षा होती. ते आले नाहीत, कारण त्यांना शेअर इतरांकडून मिळाले. मुठीत सगळे आहे हा अंदाज चुकला होता. हे लक्षात येताच जो तो विकायला धावला. मंगळवारी बाजार बंद होताना भाव ३० होता, बुधवारी १०.

एका तांब्याच्या कंपनीचे शेअर पडले म्हणून देश हादरण्याचे कारण नव्हते. पण हाइन्झ अनेक बँकांशी जोडलेले होते, आणि त्या बँकांचे ठेवीदार घाबरले. संशय हाइन्झ यांच्या सहकाऱ्यांवर, त्यांच्या ओळखीच्यांवर असा पसरत निकरबॉकर ट्रस्ट या शहरातल्या फार मोठ्या, बँकेसारख्याच ठेवी घेणाऱ्या ट्रस्ट कंपनीपर्यंत गेला. मंगळवार, २२ ऑक्टोबरला तिच्या दारात रांगा लागल्या, तीन तासांत सुमारे ८० लाख डॉलर काढले गेले आणि दुपारी तिने पैसे देणे थांबवले. दोन दिवसांनी खांबांच्या आतल्या बाजारालाच पैसा मिळेना. तेव्हा बडे बँकर जे. पी. मॉर्गन यांनी बँकांच्या प्रमुखांना बोलावून काही मिनिटांत दोन कोटींहून अधिक डॉलर कर्जाऊ उभे केले आणि एक्स्चेंजचा तो दिवस निभावला. देशाची पत एका सत्तरीच्या माणसावर अवलंबून राहावी, हे पुढे कोणालाच पटले नाही. त्या अस्वस्थतेतून आणि सहा वर्षांच्या वादविवादातून २३ डिसेंबर १९१३ रोजी फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, कायदा झाला.

रस्त्यावरचा बाजारही हळूहळू सुधारत होता. इमॅन्युएल मेंडेल्स हे तिथले जुने आणि प्रतिष्ठित दलाल. आपल्या गर्दीत ठग शिरतात आणि त्यांच्यामुळे सगळ्यांचे नाव जाते, ही त्यांची खंत होती. १९०८ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क कर्ब मार्केट एजन्सी स्थापन केली आणि विश्वासू दलालांची सूची काढली. १९११ मध्ये त्या कामाला संघटनेचे रूप आले, घटना लिहिली गेली, कोणत्या कंपनीचे शेअर चालतील याचे नियम झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टँडर्ड ऑइलची ३४ शकले झाली आणि त्यांचे शेअर रस्त्यावर आल्याने इथला धंदा आणखी वाढला. छप्पर मात्र अजून दहा वर्षे दूर होते.

२७ जून १९२१ च्या सकाळी रस्त्यावरचे हे दलाल ब्रॉड स्ट्रीटवर शेवटचे जमले आणि ‘द स्टार-स्पँगल्ड बॅनर’ हे पुढे राष्ट्रगीत झालेले गीत म्हणत, वॉल स्ट्रीटवरून चालत ट्रिनिटी चर्चच्या मागच्या आपल्या नव्या इमारतीत गेले. १९२९ मध्ये त्यांच्या संस्थेने न्यूयॉर्क कर्ब एक्स्चेंज असे नाव घेतले आणि १९५३ मध्ये कर्ब हा शब्द टाकून ती अमेरिकन स्टॉक एक्स्चेंज झाली. कार्डावरच्या गर्दीत मला एकही स्त्री दिसत नाही. या बाजारात सभासद म्हणून दोन स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९६५ मध्ये, आणि तरीही खांबांच्या आतल्या एक्स्चेंजच्या दोन वर्षे आधी.

छपराखाली आल्यावर दलालांना आपल्या जागा सापडाव्यात म्हणून हॉलमध्ये सौद्यांच्या ठिकाणी रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांसारखेच खांब, वर दुधी काचेच्या गोलांसह, उभे करण्यात आले. कारकून खिडक्यांऐवजी भिंतीलगत चढत्या रांगांमध्ये टेलिफोन घेऊन बसले आणि पूर्वीसारखेच बोटांनी भाव सांगत राहिले. आता पाऊस नव्हता, रस्त्याचा गोंगाट नव्हता, आवाज देऊनही कदाचित भागले असते. पण वीस-पंचवीस वर्षे ज्यांनी मान वर करून बोटे वाचली होती, त्यांना भाव ऐकण्यापेक्षा पाहण्याचीच सवय जास्त होती.